भिंतीपलीकडचे कविराज

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

खुर्चीत बसल्याबसल्या साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे. खरोखरीचा साष्टांग घातला तर उठवायला तिकडून माणूस पाठवावा लागेल.) तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं आणि चालावं कसं हे आता तुम्हीच डॉक्टरांना शिकवू लागला आहात, असं वहिनींनी कळवलं. ऐकून जीव भांड्यात पडला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे आम्ही उभयता बरे आहोत. म्हणजे तुमची भावजय ठणठणीत आहे आणि मी आहे. एक विनंती मात्र आधीच करून ठेवतो. आलेलं पत्र सगळ्या घराला समोर बसवून मोठ्याने वाचायची तुम्हाला सवय आहे. मामेभाऊ म्हणून माझ्यावर थोडाफार लोभ असेल, तर हे मनातल्या मनात वाचावं आणि वाचताना हसू नये, म्हणजे कोणी काही विचारणार नाही.

मागच्या पत्रात आमच्या शाळेत एक नवा शिक्षक आल्याचं ओझरतं लिहिलं होतं. ओझरतं अशासाठी, की तो टिकेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. आमची शाळा म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. पोटामागे इथे आलेली देशोदेशींची मोठी माणसं दिवसभराचं काम आटोपून संध्याकाळी तिथे इंग्रजी शिकायला येतात. कोणी पाव भाजतो, कोणी ट्रक हाकतो, एक बाई हॉस्पिटलातल्या फरश्या पुसतात. खोल्या दोन, मध्ये प्लायवूडची भिंत. अलीकडे मी, कित्येक वर्षं. पलीकडे हे नवे महाशय. ते कवी आहेत. शिवाय गिटार वाजवतात. शिवाय उंच आहेत. (एकाच माणसाला किती द्यावं, याचा वर काही हिशेब आहे की नाही?) सात देशांत इंग्रजी शिकवून आले आहेत आणि प्रत्येक देशातून एक टोपी, एक चाल आणि निरोपाच्या वेळी हमसून रडलेल्या विद्यार्थ्यांचा एक फोटो घेऊन आले आहेत. ते फोटो त्यांनी वर्गात लावले आहेत. माझ्या वर्गात आग विझवण्याच्या सूचना आहेत. मी त्यांचं नाव कविराज ठेवलं आहे. खरं नाव लिहायला घेतलं की माझ्या पेनातली शाई सुकते.

दादा, तुमच्यापासून काय लपवायचं, मी जळतो. रीतसर, रोज, हजेरी लावल्यासारखा जळतो. हा माणूस जिन्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या भाषेत दोन शब्द बोलतो, आणि जो तो त्याला आपल्याच गावचा समजतो. मला इथे अजून कोणी आपल्या गावचा समजलेलं नाही, आणि मागे तिकडे आलो होतो तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांनीही मला मीटर बघायला आलेला माणूस समजून आत घेतलं होतं. पुन्हा कविता म्हणाल तर मीही करतो. (माझी एक कविता वाचून 'कागद चांगला आहे' असं तुम्ही कळवलं होतंत. तो कागद मी अजून वापरतो.) पण मी कविता वर्गात आणत नाही. वर्गात मी क्रियापदं आणतो. आणि क्रियापदं आणली की पलीकडून गिटार सुरू होते, सगळे मिळून गाऊ लागतात, आणि अलीकडे माझे विद्यार्थी भूतकाळ लिहिता लिहिता पायाने ताल धरतात. पाववाल्याचा एकट्याचा पाय मी बुटाने दाबून धरू शकतो, इतरांचं काय?

घरी तरी शांतता असावी, तर तेही नाही. शनिवारी कविराजांचं गाणं सगळ्यांना खुलं असतं. तुमची भावजय 'नुसती बघून येते' म्हणून गेली. आता दर शनिवारी नुसती बघून येते. कांदा चिरताना गुणगुणते. मी एकदा न राहवून म्हणालो, "एवढी वर्षं मी तुला कविता वाचून दाखवतो आहे. त्यातली एखादी कधी गुणगुणलीस?"

"चाल होती का त्यांना?"

"अर्थ होता."

"तो तरी कुठे होता!" असं म्हणून तिने डोळे पुसले. कांद्यामुळे हो.

अशात एक दिवस आमच्या हेडबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, की गोदामाच्या मालकाला एक खोली परत हवी आहे. पुढच्या सत्रापासून वर्ग एकच राहील आणि त्याला शिक्षकही एकच. ज्याचे विद्यार्थी परीक्षेत सरस ठरतील, त्याला तो मिळेल. आता आमची परीक्षा कागदावरची नसते. शाळेची जुनी रीत अशी, की विद्यार्थ्यांनी समोरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात जायचं आणि बिघडलेली इस्त्री परत करून यायची. दुकानदाराला आधी सांगून ठेवलेलं असतं. त्याने हट्टाला पेटायचं, कशालाही बधायचं नाही, आणि हेडबाईंनी पंख्यांच्या खोक्यांआड उभं राहून गुण द्यायचे.

हे ऐकताच माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाणं आपल्या घराण्यात कोणाला आलं नाही, पण तक्रार? माझ्या आत्या (म्हणजे तुमच्या मातोश्री) स्वतःच्या सत्काराला गेल्या आणि हाराबद्दल आयोजकांना चार शब्द सुनावून आल्या, हे तुम्ही विसरला नसाल. मी क्रियापदं बाजूला ठेवली आणि आत्या शिकवायला घेतली. आधी मऊ आवाज. मग साधा, निरागस प्रश्न. मग एक सुस्कारा आणि दुःखी शांतता. ती समोरच्याला सहन होईनाशी होईपर्यंत लांबवायची. त्यानंतर, "माझी तुमच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती, पण तेवढीही तुमच्याने पुरी झाली नाही." आणि शेवटी, निघता निघता, "मला तुमच्या वरिष्ठांशी बोलायचं आहे." काय सांगू दादा, वर्ग फुलला! जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेली माणसं ती. फरशीवाल्या बाई तर असा सुस्कारा टाकत, की मला त्यांची माफी मागावीशी वाटे. एका संध्याकाळी पलीकडची गिटार मध्येच थांबली. ते आमचं ऐकत होते! त्या दिवशी मी घरी जाऊन दोन घास जास्त जेवलो.

परीक्षेत कविराजांच्या विद्यार्थ्यांनी आधी दुकानदाराच्या प्रकृतीची चौकशी केली. त्याची अशी चौकशी कैक वर्षांत कोणी केली नसावी; तो खुर्ची ओढून आपल्या सुनेबद्दल बोलू लागला. मंडळी तीच बिघडलेली इस्त्री, वर एक बिघडलेला मिक्सर घेऊन आनंदाने परत आली. मग माझा वर्ग गेला. दुकानदाराने इस्त्री परत घेतली, नवी दिली, हात जोडले आणि शटर ओढून घेतलं. हेडबाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. मी रात्री आरशासमोर नम्र चेहऱ्याची तालीम केली. (जमत नव्हता. तुमची भावजय म्हणाली, पोटात दुखतंय का?)

दुसऱ्या दिवशी हेडबाईंचं बोलावणं. आत जाऊन बघतो तो माझा अख्खा वर्ग उभा, पुढे फरशीवाल्या बाई. आधी मऊ आवाज. मग प्रश्न: मोठ्या माणसांना बुटाने पाय दाबून गप्प करतात का? मग सुस्कारा आणि दुःखी शांतता. ती त्यांनी इतकी सुरेख लांबवली, की माझी मान नकळत डोलली. मग, माझ्याकडे न बघता, "आमची सरांकडून फारशी अपेक्षा नव्हती..." पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल. सगळ्यांना भिंतीपलीकडे जायचं होतं. हेडबाईंनी थोडी टाळाटाळ करून पाहिली, तर पाववाला निघता निघता म्हणाला, "मला तुमच्या वरिष्ठांशी बोलायचं आहे."

"इतकं अस्खलित इंग्रजी या शाळेत आजवर कोणी बोललं नव्हतं," हेडबाई मला म्हणाल्या. "मनापासून अभिनंदन. वर्ग कविराजांना देते."

माझी नोकरी राहिली आहे, पण मदतनीस म्हणून. ते गातात, मी फळा पुसतो. आणि वर कविराज काय म्हणतात? "तुम्ही नसता तर या लोकांना आपल्या हक्काचं मागता आलं नसतं. मला ते कधीच शिकवता आलं नाही." हे ते मनापासून बोलतात. मी खूप बारकाईने पाहिलं. कुठे लबाडी सापडेना. माणसाने इतकं खोडसाळ असू नये.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जपावं. लोभ आहेच, तो उतू जाऊ द्यावा.

तुमचा, फळ्यासमोर उभा असलेला,
मामेभाऊ

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. तुम्ही प्राचार्य आहात त्या कॉलेजात इंग्रजीची जागा बरेच दिवस रिकामी आहे, असं वहिनींच्या बोलण्यात आलं. कविराजांना घ्या. त्यांना नववा देश बघायची हौस आहेच. कायमचे घ्या, क्वार्टर द्या, जमलं तर तिकडेच लग्न लावून द्या. सोबत शिफारसपत्र जोडलं आहे. ते ऑफिसात दाखवा. हे दाखवू नका.

ता. क. दुसरा : ते शिफारसपत्र लिहिताना एकही वाक्य खोटं लिहावं लागलं नाही. जन्मात पहिल्यांदा असं झालं. फार त्रास झाला.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायचं दोन दिवस राहून गेलं, तेवढ्यात एक घोटाळा झाला. तुमच्याकडच्या जागेबद्दल मी कविराजांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्यावर गाणं लिहिलं. त्यात मी एक डोंगर आहे. माणसं दबक्या आवाजात काहीबाही बोलतात आणि डोंगर ते मोठं करून परत देतो. (ही कल्पना मला सुचायला हवी होती. कागद तर माझ्याकडे होता.) काल अख्ख्या वर्गाने ते म्हटलं. फरशीवाल्या बाई सगळ्यांत वरच्या पट्टीत. आणि आता, हे लिहितो आहे तेव्हा, तुमची भावजय स्वयंपाकघरात तेच गुणगुणते आहे, माझ्यावरचं असूनही. तेव्हा दादा, ती जागा ताबडतोब भरून टाका. दुसऱ्या कोणाला तरी घ्या.