दोन लाखांची उभी घडी

मंगळ., ६ ऑगस्ट
रूपाली ताश्कंदहून सुट्टीवर आली. डॉक्टरकीचं एकच वर्ष उरलं. बॅगेत सुका मेवा, आणि पुठ्ठ्यात जपून ठेवलेली तिथली दोन लाख सोमची नोट. तिथली मोठ्यात मोठी. आपल्याकडे जेमतेम दोघांचं हॉटेलातलं जेवण. नोट तिच्या निरंजनच्या वडिलांसाठी. गिरगावचे लेले, नोटा जमवतात. सुरकुतीसुद्धा चालत नाही म्हणे. रू. म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्हीच द्या. आणि आमच्या लग्नाचं हळूच काढा." मला टेन्शन.

गुरू., ८
घात झाला. दोन लाख एकदा हातात धरून बघू म्हटलं. मन भरून आलं, आणि बोटांनी चौतीस वर्षांची सवय काढली. नोट उभी दुमडून दोन बोटांत! बसमध्ये तिकिटं फाडताना अशाच धरायचो. सौ. ओरडली, "आता ह्या काय करून ठेवलात!" रू. हसतेय की रडतेय, कळेना.

शुक्र., ९
तांदळाच्या डब्याखाली ठेवून पाहिली. घडी जशीच्या तशी. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने आकडा बघून हात मागे घेतला. "काका, जल गयी तो दो लाख कहाँ से लाऊँ?" समजावलं, ऐकेना. चहा मात्र पाजला.
आणखी एक. निरंजनने त्याच्या घरी मला 'परिवहन खात्यातले अधिकारी' करून टाकलंय. रू.ला आज विचारलं, का? ती सुका मेवा डब्यात भरत बसली. वाईट वाटलं. मी कधी लपवलं नाही.

रवि., ११
गेलो. लेलेंनी भिंग लावलं. "ही तर कंडक्टरची घडी!" निरंजन पांढराफटक. म्हटलं, "मीच घातली. कंडक्टर होतो, अधिकारी नव्हतो." लेले मुलाकडे बघत राहिले. मग उठून दहा-दहाच्या नोटा घेऊन आले. "कशा धरायच्या, दाखवा." अर्धा तास शिकवलं. त्यांच्या बोटांतून सगळ्या जमिनीवर. लेलेवहिनी हसून बेजार. निघताना लग्नाचं काढलं. "कळवतो," एवढंच.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

सोम., १२
लेलेंचा फोन. "नोट अल्बममध्ये लावली, घडीसकट. कोणाकडून आली, तेही मी खाली लिहितो. नाव आणि नातं. तुमचं नाव लिहिलं."
"आणि नातं?"
"जागा सोडलीय."
फोन ठेवला त्यांनी. रू. तेव्हापासून गुणगुणतेय. सौ. मागे लागलीय, आजच्या आज पेन घेऊन जा म्हणून.