प्रवास : शून्य

प्रिय मर्सीताई,

पाकिटावर माझे अक्षर पाहून तू दचकशील, म्हणून आधी हे लिहिते की पप्पा आणि मी दोघेही हिंडतेफिरते आहोत. दर रविवारी तू फोनवर विचारतेस आणि मी "ठीक आहे" म्हणते. पप्पा त्याच खोलीत बसलेले असतात, आणि कुणी ऐकत असताना मला दोन वाक्ये सरळ जोडता येत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. कागदावर जोडता येतात.

बातमी द्यायची तर या महिन्यात आपल्या घराची वीज एकोणीस युनिट झाली. आई होती तेव्हा ती शंभराच्या खाली कधी आली नव्हती. मीटर वाचायला आलेल्या माणसाने शेजारच्या धुरपदामावशींना विचारले म्हणे, की या घरात कुणी राहते का.

सुरुवात कशी झाली ते तू पाहिले नाहीस. गेल्या वर्षी आईची स्मरणसभा आटोपून तू मिरजेला, तुझ्या इस्पितळाच्या वॉर्डात, परत गेलीस आणि त्याच आठवड्यात पप्पांनी फ्रीज बंद केला. "दोघांना कशाला हवा?" एवढेच म्हणाले. आता त्यात बियाणे असते. दोडका, वाल, दुधी, प्रत्येकाची पुडी वेगळी, आणि पुडीवर पप्पांचे ते रेल्वेच्या रजिस्टरातले तिरके अक्षर. मग धुण्याचे पाणी पपईकडे आणि अळूकडे वळवले. गच्चीवर सूर्यचूल आली. सकाळी नऊला डबे ठेवले की बाराला वरणभात तयार. परसात कोंबड्या आल्या. मला हे आवडत होते, ताई. आईविषयी आम्ही एकदाही बोललो नाही, बादल्यांविषयी बोललो. कुठले पाणी कुठल्या वाफ्याला, कुठली बादली आधी. त्या बोलण्यात दिवस सरत होता आणि मला काहीच वाटत नव्हते. काही न वाटणे तेव्हा सोयीचे होते.

मी एक तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे लावला. वीज, पाणी, इंधन, प्रवास. महिना संपला की पप्पा हात मागे बांधून समोर उभे राहत आणि मी पेन्सिलीने आकडे भरत असे. आकडा कमी झाला की ते मान हलवीत. शाळेत माझा पहिला नंबर आला की हलवीत, तशीच.

कापणीच्या सणाला आपल्या दुधीचा चर्चमध्ये लिलाव झाला आणि पाळकसाहेबांनी उपदेशात पप्पांचे नाव घेतले. धुरपदामावशी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाल्या, "आवं दानिएलभाऊ, समदंच घरी पिकवाया लागलाय, आता मीठ बी लावा की परसात!" पप्पा हसले. आई गेल्यानंतर मी ते हसणे पहिल्यांदा ऐकले. फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या स्पर्धेत मी तोच तक्ता मांडला. कागदावरून नजर न उचलता वाचून दाखवला. परीक्षकांनी "आदर्श कुटुंब" असा शब्द वापरला. पहिल्या रांगेत बसून पप्पा टाळ्या वाजवीत होते. तू त्याचा फोटो स्टेटसला ठेवलास आणि फोनवर म्हणालीस, "पप्पा किती छान रमलेत गं." मलाही तसेच वाटले होते. हे तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही.

उन्हाळ्यात दूध बंद झाले, मग चहा. पप्पांनी आपली खाट चर्चच्या रखवालदाराला दिली आणि चटईवर झोपू लागले. दोन शर्ट ठेवून बाकीचे रांजणगावच्या कंपनीत कामाला आलेल्या परप्रांतीय मुलांना वाटले. संध्याकाळचे जेवण सोडले. म्हणाले, बसून राहणाऱ्या माणसाला ते लागत नाही. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोके पाडली. धुरपदामावशींनी मला गाठून विचारले, "पोरी, तुझा बाप हाय का शर्ट खुंटीला अडकवलाय?" मी त्यांना सांगितले, कष्टाने शरीर हलके होते. पुस्तकी वाक्य होते. मी ते विश्वासाने बोलले.

याच काळात पप्पा मला घरातले एकेक काम शिकवू लागले. फ्यूजची तार कशी बदलायची, हातपंपाचा वायसर कसा बसवायचा, घरपट्टीची पावती कुठल्या पेटीत आहे. मी वहीत उतरवून घेतले, मथळे देऊन.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, या तिन्ही महिन्यांत मी तक्त्यावर "प्रवास : शून्य" असे भरले आहे, आणि शून्याभोवती लाल पेन्सिलीने चौकटही केली आहे. पप्पांचा प्रवास म्हणजे महिन्यातून एकदा एसटीने दौंडला जाणे, रेल्वेच्या दवाखान्यातून रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आणणे. दुसरा प्रवास ते करीतच नव्हते. हे मला मंगळवारी कळले, त्यांचा गोळ्यांचा डबा पुसताना, तो कोरडा आणि रिकामा होता तेव्हा. मी विचारले. ते फ्रीजविषयी बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "ते पण बंद केलंय." आणि माझा हात, ताई, तक्त्याजवळच्या पेन्सिलीकडे गेला. मग मी विचारले की आणखी किती कमी करायचे आहे. म्हणाले, "आता झालंच. तुला एकटीला झेपेल इतकं घर झालंय." मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही. बुधवारी औषधाच्या दुकानातल्या माणसाला रक्तदाब मोजायला घरी बोलावले. पप्पांनी मुकाट्याने दंड पुढे केला. एकशे नव्वदवर एकशे दहा. दवाखान्यात चला म्हटले तर ते उठून वाफ्यांकडे गेले. कालही गेले, आजही. माझे ते ऐकत नाहीत, कारण मी त्यांच्याशी कधी मोठ्याने बोललेच नाही. तू बोलतेस. रोज कितीतरी माणसांना दटावून गोळ्या घ्यायला लावतेस. पत्र मिळेल त्या दिवशी रजा टाक आणि ये. रविवारच्या फोनची वाट पाहू नकोस. आज दुपारी मी न विचारता त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. त्यांनी ती उचलून माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "तू खा, तुला पुढं लागेल."

तुझी वाट पाहणारी, तुझीच
शॅरन