कागदाची दुसरी बाजू

३ जून
आज जुन्या नोंदींच्या दफ्तरात रुजू झाले. पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी म्हणजे हसंच व्हायचं, पण खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि मी खूश. काम सोपं आहे. कुटुंबवह्या उतरवून काढायच्या. एका घराला एक पान, त्यावर जन्मलेल्यांची नावं. शिकवायला भिंगकाका आहेत. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा हातातल्या भिंगावर त्यांचा विश्वास जास्त. त्यांनी एकच नियम तीनदा सांगितला: चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, खरवडायचं कधीच नाही. कागदाला दुसरी बाजू असते, म्हणाले.

लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी वंशावळ मागितली आहे. माझ्या माहेरची मीच काढीन म्हटलं.

९ जून
सात पिढ्या मागे पोचले. खापरपणजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचे वडील नावाडी. लेक फोनवर म्हणाली, आई, तू आता तिकडेच राहायला जा.

एक मात्र खटकतं. प्रत्येक पिढीच्या पानावर एक जागा खरवडलेली आहे. पान उजेडात धरलं की तिथून खिडकी दिसते. भिंगकाका म्हणाले, घरातल्या माणसाची लाज वाटली की लोक ब्लेड काढतात.

१४ जून
आमचं पान सापडलं. पुढे माझं नाव, मागे धाकटीचं.

धाकटी माझी सख्खी बहीण. तीस वर्षं मनोरुग्णालयात आहे. सासरी मी एकुलती एक. लेकीलाही आपल्याला मावशी आहे हे ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच मला सांगत आले. उद्या व्याही मूळ पानं बघायला येणार. जेवणाच्या सुट्टीत ब्लेड घेतलं. दोन मिनिटांचं काम होतं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

१६ जून
काल व्याही पानं बघून खूश होऊन गेले.

आज मनोरुग्णालयात फोन केला. महिन्यातून एकदा करते, तेवढंच करते. परिचारिका म्हणाली, या नावाचं इथे कधीच कुणी नव्हतं. मागच्या महिन्यात हीच मला म्हणाली होती, रोज मीच तिची वेणी घालते.

मला आधी हायसं वाटलं. हे कुणाला सांगू?

१९ जून
पान पुन्हा काढलं. माझं नाव फिकं झालंय. बरोबर त्याच्याच पाठीमागे तिचं होतं.

भिंगकाकांनी विचारलं, कोण हवंय आपल्याला? वाटलं, थट्टा—

२० जून
लेकीला फोन केला. अहो-जाहो करत होती. म्हणाली, अहो, माझी आई मी लहान असतानाच—

चुकून लागला असेल, म्हणाली. ठेवला.

२१ जून
धाकटीचं नाव परत लिहायचं. तेवढं लिहिलं की माझंही कदाचित—

आताही स्वतःसाठीच. थू माझ्यावर.

पेन टेकवलंय. मी कायम धाकटीच म्हणत आले. आई मात्र दारात उभी राहून नावाने हाक मारायची. आधी माझं नाव, मग तिचं. मग तिचं— काय बरं नाव होतं?

आधी माझं—