एका शब्दाचे दोन अर्थ

आई, तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस आणि मी परातीत पीठ मळत होते. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी तुला शाळेच्या स्वयंपाकावरून काढलं होतं. तांदूळ त्यांनीच विकला आणि चोर तुला ठरवलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी म्हणाले, "चल ना, चारचौघांत विचार त्यांना." तू तव्यावरची नजरही काढली नाहीस. "सरक, भाकरी करपेल. देव बघतोय." विषय संपला. पुढे तू लोकांची धुणी धुतलीस आणि लवकर गेलीस. हेडमास्तर सत्कार घेत, नातवंडं खेळवत म्हातारे झाले आणि एका दुपारी झोपेतच गेले. देव काय बघत होता गं?

तुझे जावई जाऊन दीड वर्ष झालं. इथे जर्मनीत, एश्बॉर्नला, सकाळी सायकलवरून स्टेशनला निघाले होते. सिग्नल त्यांच्यासाठी हिरवा होता. डिलिव्हरीची व्हॅन न थांबता उजवीकडे वळली आणि त्यांच्या अंगावर आली. बसस्टॉपवरच्या एका बाईने पोलिसांना सांगितलं, ड्रायव्हर फोनमध्ये बघत होता. तो माणूस अजून तीच व्हॅन चालवतो. मी कॅन्टीनमध्ये कामाला जाते त्याच रस्त्याने. मी त्याला बघते. माझ्या बघण्याने त्याचं काही बिघडत नाही.

गेल्या आठवड्यात सरकारी वकिलाच्या ऑफिसचं पत्र आलं. मी जर्मन शिकले ती लायब्ररीतल्या मुलांच्या पुस्तकांवर, त्यामुळे असली पत्रं मला अर्धीच कळतात. पण त्यात एक शब्द ओळखीचा होता, आइनगेश्टेल्ट. कॅन्टीनने मला कामावर घेतलं तेव्हाच्या कागदावर हाच होता. मला वाटलं, केससाठी कुणीतरी नेमला, आता खटला उभा राहणार. मी शिरा केला. शेजारणीला डबा दिला. तुझ्या फोटोसमोर उभी राहून म्हणालेसुद्धा, तुझंच खरं निघालं.

शनिवारी येनाहून लेक आली. ती जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत, आमचं असंच चालतं. पत्र वाचून म्हणाली, "नाही, आई. त्यांनी चौकशी बंद केली. फोन हातात होता हे सिद्ध होत नाही म्हणे."

"अगं, मला कामावर घेतलं तो हाच शब्द."

"हो, शब्द तोच. अर्थ दोन आहेत." मग शिऱ्याचं पातेलं बघून तिने विचारलं, "हे कशासाठी?"

मी म्हणाले, "न्याय झाला म्हणून." ती हसली नाही. मला ओरडायचं होतं, तिच्यावर, त्या शब्दावर, तुझ्यावर. तुझ्यावर सर्वांत जास्त. तू देवावर सोडलंस ते श्रद्धेने की भीतीने, हे तू कधी सांगितलं नाहीस, आणि मी आयुष्यभर त्याला श्रद्धाच म्हणत आले.

"दोन आठवड्यांत हरकत घेता येते," लेक म्हणाली. "सोडून द्यायचं असेल तर तसं सांग."

देव नाही, असं तुला लिहायला मी बसले होते. तसं वाटत नाही मला, म्हणूनच इतका राग येतो. आणि एक कबूल करते. त्या माणसाला पुढच्या जन्मात वगैरे नको, इथेच शिक्षा व्हावी आणि मी ती समोर बसून ऐकावी, असं मला वाटतं. तुला हे आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी लेकीला समोर बसवलं आणि हरकतीचं पत्र माझ्या हाताने लिहिलं.