वरातीची चाल

सर, तुमची आठवण आली की मला अजून किळस येते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे कळतं. तरी लिहिते.

मस्कतला नवं ऑपेरा हाउस झालं होतं आणि तिथल्याच रुवी भागातल्या आमच्या शाळेलाही ऑर्केस्ट्रा हवासा वाटू लागला होता. म्हणून तुम्ही आलात. मी तुमच्या हाताखाली व्हायोलिन शिकवायचे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावात तुम्ही सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रा चालवला होता. पोस्टमन, नर्स, खाटीक, मास्तर असे तुमचे वादक. दर हिवाळ्यात तुम्ही त्यांच्यासाठी एक रचना लिहायचात, ती गावात एकदा वाजायची आणि कपाटात जायची. मग नगरपालिकेने अनुदान थांबवलं आणि सगळं बंद पडलं. हे तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सांगितलंत, तेव्हा मला तुमची दया आली होती. तालमीत मात्र दया नसायची. एकदा सगळ्यांसमोर मला थांबवून म्हणालात, "तुम्ही चुकायला घाबरता, म्हणून तुमच्या वाजवण्यात जीव नाही." राग आला, पण ते खोटं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी पोळ्या लाटतेय आणि गुणगुणतेय. तुम्ही चहाचा कप बाजूला ठेवता, खिशातून कागद काढून स्वरलिपीच्या पाच रेघा ओढता आणि पुन्हा म्हणायला सांगता. ती माझ्या वडिलांची चाल. मिरजेत ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात मांडवाशी पोचली की वाजवायला त्यांनी ती स्वतः बांधली होती. त्यांना जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात ती चाल वाजली, पहिलं व्हायोलिन माझंच. छापील पत्रिकेत तुमचं नाव, आणि खाली, 'ओमानच्या वाळवंटात सुचलेली रचना.' लोक उभे राहिले. तुम्ही छातीवर हात ठेवून वाकलात. नंतर समोशांच्या टेबलापाशी मी तुम्हाला जाब विचारला, तर बोटं पुसत शांतपणे म्हणालात, "गावाकडच्या चालींना मालक नसतो." तुम्ही गेल्यावर तुमच्या एका जुन्या वादकाने मला मृत्युलेख पाठवला. त्यातही तीच तुमची सर्वोत्तम रचना. घामाने भिजलेला लाल कोट घालून वरातीपुढे चालणारा माझा बाप कुणाच्या तरी वाळवंटात गडप झाला होता.

इतकी वर्षं मी हे मनात असंच उगाळत आले, एक गोष्ट गाळून. रेघा ओढण्याआधी तुम्ही विचारलं होतं, "ही चाल कुणाची?" मी शाळेत सगळ्यांना, तुम्हालाही, वडील संगीताचे प्राध्यापक होते असं सांगितलं होतं. मान वर न करता मी म्हणाले, "कुणाची नाही. गावाकडे अशीच म्हणतात."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मुलीच्या हाती लागू नये म्हणून फाडणारच आहे. तिचे आजोबा अजून प्राध्यापकच आहेत.