डब्यावरचं वाळवण

२ एप्रिल. सा. १३८
पोरगा बालाजी आणि सून सुरेखा काल दुपारी आले. मोसम सोडून मधेच. डबा दारात उभा आहे. पोरानं पत्र्याची खोली चाकांवर बसवून घेतली आहे, तिला आम्ही डबा म्हणतो. पिकअपच्या मागं बांधायचा आणि जत्रा-जत्रा फिरायचं. पिकअपमध्ये जत्रेत लेकरांना फिरवायचा पाळणा, मागं डब्यात संसार. दिवाळी झाली की जातात ते पावसाच्या तोंडावर बोरीला येतात. त्यांची लेक तनू माझ्यापाशी.
का आलात विचारलं तर सून नुसती हसली. सून हसली की समजावं, काहीतरी मागायला आली आहे.
हे वाक्य तनू लिहीना. आईबद्दल आहे म्हणे. म्हटलं, लिही, वही माझी हाय. तर म्हणाली, वही माझी आहे. ते खरं. पुढच्या बाजूनं डॉक्टरसाठी तिच्या साखरेचे आकडे, मागच्या बाजूनं मी. ती माझी मास्तरीण. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे ओळखते. एस.टी.चे, नोटांचे, आणि चार वर्षांपासून हिच्या साखरेचे.

४ एप्रिल. सा. १५१
कळलं. डब्यातली वीज नवी करायची आहे. आत छोटा फ्रीज बसवायचा, त्यात तनूची इंजेक्शनं राहतील. मग तनू सुट्टीत त्यांच्याबरोबर. हा उन्हाळा नीट गेला तर दिवाळीनंतरसुद्धा. शाळेचं काय? "जातो त्या गावच्या शाळेत बसवू." पाच दिवसाला एक गाव. चांगली शाळा आहे.
सुरेखा म्हणाली, "आत्याबाई, चार वर्षं झाली, दिवाळी सरली की पावसापातुर लेकरू माझ्या हातचं जेवत न्हाई."
मी म्हणाले, "मग ऱ्हा की हितं. ताट मी मांडते."
ती उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच होती ती. बोलून गेले खरं.

५ एप्रिल. सा. १४४
तनूला झोपाळलेली बघून आठवलं. दोन वर्षांमागं अशीच सुट्टीत नेली होती. इंजेक्शनं गार ठेवायला पेटी होती, पण जुनी बॅटरी दोन दिवसांत बसली, पत्रा तापला, इंजेक्शन आतल्या आत खराब झालं. कुणाला कळलं नाही, तेच टोचत राहिले. चार दिवस पोरगी दवाखान्यात. मी पायथ्याशी बसून होते. तेव्हा सुरेखानंच माझे पाय धरले होते, म्हणाली, आता तुमच्याचपाशी ठेवा.
मी ठेवली. आता परत मागते.
घरातली लाईट गेली की मी माठाखालच्या ओल्या वाळूत इंजेक्शनची डबी पुरते. आजपर्यंत एक बाटली वाया गेली नाही. पण हे कोण मोजतं.

६ एप्रिल. सा. १२९
परभणीहून अफसर मिस्त्री आला. तोंडात सुपारी, कानात पेन्सिल. जुनी बॅटरी काढली. दोघांनी उचलली, एवढी जड. नवी त्यानं एकट्यानं कडेवर लेकरू घ्यावं तशी आणली. मी म्हटलं, "एवढीशी? ही काय काम करनार?"
"अम्मा, वो बुढ्ढी पानी मांगती थी, खाती लय, देती कम. ये जवान है."
"मग जवान नखरे करंल."
"करंल ना! म्हनून तर हा डबडा."
डबडा म्हणजे चार्जर. पिकअप पळते तेव्हा तिची वीज आधी एका बारीक वायरीतून थेट यायची. निम्मी वाटेतच संपायची. आता अंगठ्याएवढी जाड वायर, आणि मधे हा डबडा, नव्या बॅटरीला पचेल तेवढीच मोजून सोडणारा. त्याच्यावर एक खटका आहे, जुन्या बॅटरीसाठी इकडं, नवीसाठी तिकडं. अफसरनं तनूच्या हातून तो लावून घेतला. पोरगी अशी उभी राहिली जशी तहसीलदार झाली.

७ एप्रिल. सा. १३३
छतावर दोन काळ्या पाट्या बसल्या, उन्हाच्या. जत्रेत गाडी पाच-पाच दिवस उभी असते, तेव्हा पाट्यांनी बॅटरी भरायची. मागं शिडी आहे, मी चढून बघून आले. सगळे ओरडले. मी काय बाहुली आहे?
तनूनं मला समजावून सांगितलं, अगदी बाईंसारखं. "आजी, पाटीला ऊन दिसलं पाहिजे. कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी काम कमी होतं. पूर्ण झाकली तर बंद."
मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच. झाकलं की झोपते.
ती हसली. हे लिही म्हटलं, लिहिलं.

८ एप्रिल. सा. १४०
परीक्षा सुरू. तनूची नव्हे, डब्याची. (तनूचीही आहे, सकाळचा पेपर.) बालाजीनं नियम केला: पाच दिवस पिकअप चालू करायची नाही. पंखा, दिवे, फ्रीज, सगळं डब्यातल्या विजेवर. फ्रीजमध्ये औषध नाही, पाण्याची बाटली. फ्रीजच्या तोंडावर लाल आकडा दिसतो. आठाच्या वर गेला तर तनू इथंच.
संध्याकाळी ५.

९ एप्रिल. सा. १३६
आकडा ५. तनूनं पिशवी भरली. दोन झगे, कंपास, साखर तपासायची मशीन. चार वेळा भरली, चार वेळा काढली.
"आजी, तू एकटी काय करशील?"
"तुज्या नावानं बोटं मोडीन."
"आणि?"
"आनि काय. निवांत झोपीन. तू लाथा मारतीस."
सुरेखा तिची वेणी घालायला लागली. रोज मी घालते. ती घट्ट घालते. तनू काही म्हणाली नाही, डोळे मिटून बसली.

१० एप्रिल. सा. १४७
बालाजी-सुरेखा एस.टी.नं परभणीला गेले, पाळण्याचे बेअरिंग आणायला. उद्या येतील. कुरडया घातल्या. ऊन चांगलं. बाकी काही नाही.

११ एप्रिल. सा. १५०
कुरडया वाळल्या. चार वाजता काढल्या. संध्याकाळी सगळे आले तेव्हा डब्यातला पंखा बंद होता. लाल आकडासुद्धा नाही. तनूनं आपलं घरातलं ताप बघायचं यंत्र आत ठेवलं, त्यात कळेना. बाटली हातात धरली. कोमट.

१२ एप्रिल. सा. १९८
बालाजीनं अफसरला फोन लावला. "पैला दिस, दुसरा दिस बरा व्हता, मिस्त्री. नंतर बसली. तुमी म्हनला पाच दिवस." फोन ठेवला. मग म्हणाला, "न्हाई जमायचं. पोरीच्या जिवाशी खेळ न्हाई."
सुरेखा डब्याच्या पायरीवर बसून राहिली. पदर तोंडात. मी चहा नेऊन दिला. घेतला नाही.
तनूनं पिशवी रिकामी केली. झगे घडी करून खुंटीखाली ठेवले, इतके नीट की मला बघवेना. रडली असती तर बरं झालं असतं. साखर वाढली आहे. जेवण तेवढंच होतं.

१३ एप्रिल. सा. १७२
अफसर आला. तोंड पाडून आला होता, शिडी चढला आणि वरून खो-खो हसायला लागला.
"अरे ओ बालाजी! तुमच्या पाटीवर जेवन चिकटलंय!"
काचेला कुरडईचे तुकडे. माझ्या जुन्या लुगड्याचा एक धागा.
बालाजी कपाळाला हात लावून हसला. "आई! अगं पाटीवर वाळवन घातलंस व्हय? दोन दिवस?" सुरेखानं तर रडत-रडत मला मिठी मारली. आत्याबाई, तुमाला काय ठावं, म्हणाली. अफसर म्हणाला, अम्मा, बिल में कुरडई लिख दूं?
सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. म्हणाले, काळं-काळं तापलेलं दिसलं, म्हटलं कुत्रं चढत न्हाई, वाळंल चांगलं. म्हातारीला काय कळतं.
अफसरनं काच पुसली. बॅटरी शाबूत आहे. ती आपली आपण बंद झाली होती, खराब होऊ नये म्हणून. शहाणी आहे. दोन दिवस परत बघायचं, मग निघायचं.

१५ एप्रिल. सा. १४१
आकडा कालही ५, आजही ५.
आज तनूला म्हटलं बस, लिही. ती बसली. पेन उचललं नाही. पानं मागं उलटली आणि मोठ्यानं वाचलं: 'पूर्ण झाकली तर बंद. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच.' मग म्हणाली, "आजी, हे तूच लिहायला सांगितलंस. सात तारखेला."
मी पदर सावरला.
"आणि अंगण मोकळं होतं. दरवर्षी तू बाजेवर घालतेस."
मग म्हटलं, लिही. मला ठाऊक होतं.
तिनं लिहिलं. वरचं तिनंच लिहिलं आहे, बघा, अक्षर जरा वाकडं झालंय.
"का?"
मी सांगितलं का ते. ते तिनं लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं आणि आईपाशी डब्यात झोपायला गेली. (एवढ्या शेवटच्या ओळी दुसऱ्या दिवशी लिहून घेतल्या.)

१६ एप्रिल. सा. १३५
तनू माझ्याशी बोलत नाही. लिहायला बसली, कारण मी डबी पुरायची वाळू ओली करताना पाय घसरून बसले, म्हणून दया आली. लागलं नाही. थोडं जास्त कण्हले.
विचारलं, "आईला सांगितलंस?"
"वहीत आहे ना."
"तुजी आई वही वाचत न्हाई."
"मग नाही कळणार."
एवढंच बोलणं. उद्या सकाळी निघणार, पालमकडच्या जत्रांना. सुरेखानं मला पण चला म्हटलं. खरंच मनापासून म्हणाली. तीन माणसांचा डबा आहे. मी म्हटलं, मला पाळण्यात बसवून फिरवनार का? हसली. आज तिच्या हसण्यामागं काही मागणं नव्हतं. तेच जास्त लागलं.

१८ एप्रिल
हे आता शेजारची सुमन लिहिते. अंगणवाडीतून रिटायर झालेली, अक्षर मोत्यासारखं, पण मधे-मधे मला विचारते, "हे लिहू का खरंच?" तनू असं विचारत नव्हती.
काल सकाळी गेले. निघायच्या आधी तनूनं वही मधून फाडली. टाचण्या काढून, नीट. पुढचा भाग, साखरेचा, पिशवीत. मागचा माझ्या हातात दिला. माझ्या पाया पडली, बाप बघत होता म्हणून. वर बघितलं नाही. वेणी घट्ट होती.
माठाखालची वाळू ओली करायला गेले संध्याकाळी. सवय.

१९ एप्रिल
मोबाईलवर फोटो आला. सुमनला दाखवला, म्हटलं काय लिहिलंय? काही नाही म्हणाली, नुसता आकडा आहे. मी हिसकावून घेतला. फ्रीजचं तोंड, लाल ५. मला वाचता आला.
तिला ठाऊक आहे मला काय वाचता येतं.

२३ एप्रिल
रोज दिवस मावळायच्या सुमाराला येतो. ५, ५, ६, ५. शब्द एक नाही. सुरेखा फोनवर बोलते, तनू बरी आहे, खाते, पाळण्याची तिकिटं फाडते, बाहेर लेकरांत आहे. दर वेळी बाहेरच असते.
कुरडया तळल्या. सुमननं खाल्ल्या. बऱ्या झाल्यात म्हणाली. कडक ऊन लागलं असणार. मला घास उतरला नाही.

२५ एप्रिल
कालपासून आभाळ. अवकाळी येणार म्हणतात. अंगणात सावली नाही पडत, सगळीकडंच सावली. आधी मी असल्या दिवसाला बरं म्हटलं असतं. आता आभाळाकडं बघून शिव्या देते. देवा, मी दोन दिवस झाकलं ते झाकलं, तू कशाला झाकतोस.
आकडा ७.

२६ एप्रिल
आजही आभाळ. वारा नाही. दिवस मावळून गेला. आकडा आला नाही.
सुमन म्हणाली, "मावशी, फोन लावते." नको म्हटलं. रेंज नसंल. पाळण्यापाशी गर्दी असंल. आणि लागला आणि ती 'बाहेर' असली तर? आणि बाहेर नसली तर?
"मग मी माझ्या फोनवरून लावते, तुमचं नाव न्हाई घेत."
"थांब जरा."
मोबाईल चार्जिंगला लावलाय. सुमन म्हणते शंभर झाले, काढा आता.
राहू दे.