लिफ्ट बंद, कळ चालू

तीर्थस्वरूप वहिनींना, धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? लेकीचा फोन वेळेवर येतो ना? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. "वहिनींना काळजीत टाकू नका," असे तुमच्या जावेने बजावले आहे, म्हणून सविस्तरच लिहितो.

गेले अकरा महिने माझ्या छातीत मधोमध कळ येते. आतून कोणी ओले फडके पिळावे तशी. पहिल्यांदा आली तेव्हा मी एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत होतो. ब्रेक खोलून ठेवलेला, हात ग्रीसने बरबटलेले. मी खालीच बसलो आणि जोडीदाराला (त्याला आम्ही पहिलवान म्हणतो, कारण तो नाही) म्हणालो, "संपलं बहुतेक." लिफ्ट पुन्हा जोडायला अर्धा तास लागला असता आणि तेवढा वेळ माझ्याकडे असेल असे दोघांनाही वाटेना. शेवटी पहिलवानाने मला पाठीवर घेतले. नऊ मजले, वहिनी! पाचव्यावर त्यालाच धाप लागली, तेव्हा मी उतरून त्याला पाणी पाजले, त्याची पाठ चोळली आणि पुन्हा मरायला त्याच पाठीवर चढलो. खाली रहिवासी जमलेले. एक आजोबा पुढे झाले, मला वाटले धीर देतील. म्हणाले, "लिफ्ट कधी सुरू होणार?"

इस्पितळात ईसीजी झाला, रक्त झाले, पट्ट्यावर पळवून झाले, हृदयाच्या नळ्याही पाहून झाल्या. सगळे स्वच्छ. कळ मात्र येतच राहिली. चौथ्या खेपेला दारातल्या सिस्टरने मला बघूनच कागद भरायला घेतला. (नावाचे स्पेलिंगही आता बरोबर लिहितात.) मग पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. त्यांनी घशातून दुर्बीण घातली आणि सांगितले, की जठरातले आम्ल वर चढते, त्याने अन्ननलिका आवळली जाते, आणि ती छातीतूनच जात असल्यामुळे दुखणे हृदयाचे वाटते.

"म्हणजे पुढच्या वेळी घरीच पडून राहू?" मी विचारले.

"अजिबात नाही. ते घरबसल्या तुम्ही ठरवायचं नाही. शंभरदा आलात तरी चालेल, पण यायचं."

तेव्हापासून जेवण सातला, चहा बंद आणि पलंगाची उशाकडची बाजू विटांवर. सकाळी मी घसरून पायथ्याशी गोळा झालेला असतो आणि तुमची जाऊ मला पांघरुणासकट वर ओढते. गोळ्यांनी कळ कमी झाली. गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारले, हे कधी सुरू झाले? मी तारीख सांगितली. "त्या आठवड्यात काय खाल्लं होतं?" म्हणालो, "फारसं काही नाही. मोठा भाऊ गेला होता." त्यांचे पेन थांबले.

असो. तब्येतीला जपा.
तुमचा दीर

ता. क. तुमच्या जावेने पत्र वाचले. म्हणाली, "चांगलं लिहिलंय. लिहायचं होतं ते सोडून सगळं लिहिलंय."

पुन्हा ता. क. दादाने त्या सकाळी मला फोन केला होता. म्हणाला, "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, हिला उगाच घाबरवायला नको, तुला काय वाटतं?" मी कामाच्या घाईत होतो. म्हणालो, "गॅस असेल, सोडा घे आणि पड जरा." तो म्हणाला, "मलाही तेच वाटतं." फोन ठेवताना आम्ही हसलोसुद्धा. हे तुम्हाला सांगायला अकरा महिन्यांत चारदा आलो, आणि चारही वेळा तुमचा पंखा नाहीतर नळ दुरुस्त करून परत गेलो. येत्या रविवारी येतो आहे. दार उघडावेसे वाटले नाही, तर उघडू नका. उघडलेत, तर काही बिघडलेले दाखवू नका. आधी मला बोलू द्या.